टिंब-तारावाला

२०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप पाठीला मारून पुण्याहून मालवणला आलेल्या चाकरमान्यांपैकी एक जण अजून परत गेलेला नाही. प्रत्येक वाडीत असतोच. पडवीत खुर्ची, लाईट गेली तर इन्व्हर्टर आणि तोंडात एकच शब्द, रेजेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने खुणांनी शोधायची पद्धत. आमचे रापणकर पर्ससीनवाल्यांकडे बघत नाहीत इतक्या रागाने हा हाताने शब्द बदलणाऱ्याकडे बघतो.

त्याला चहा विचारलात तर क्लेनीपासून सुरुवात होते. १९५६ साली त्या गणितज्ञाने हे मांडलं, १९६८ साली केन थॉम्पसनने ते मजकूर शोधायला जुंपलं. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे तेच कितीही वेळा. दोघं जोडीने बसले की ओळ संपेपर्यंत गिळतात. मागे प्रश्नचिन्ह लावलं तरच बेताने जेवतात. बंदरावर त्याला गाड्या दिसत नाहीत, ‘एमएच ०७, दोन अक्षरं, चार आकडे’ दिसतात. मतदारयादी दाखवा, म्हणेल, “कर आणि पुढे डॉलर. झाली यादी!” डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. आमच्याकडच्या आडनावांचाही तोच.

तारकर्लीच्या मावसभावाच्या होमस्टेची वेबसाइट अर्थात यानेच केलेली. भाऊ म्हणाला, ‘कर वेगळा’ आहे तिथे ‘जीएसटी वेगळा’ कर. तीनच ठिकाणी होतं. पण हाताने बदलायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न! त्याने दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द दाखवणारी बॅकस्लॅश-बी ही खूण लावली. एकही ‘कर’ सापडेना. जावास्क्रिप्टमध्ये ही खूण रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच ओळखते. देवनागरी तिच्या लेखी शब्दच नव्हे. वैतागून त्याने हद्दच उडवली आणि ‘सगळे बदला’ दाबलं.

आचरेकर ‘आचरेजीएसटी’ झाले. चहाबरोबर ‘शंजीएसटीपाळी’ आली. ‘बुकिंग करा’मधला काना एकटाच लोंबकळत राहिला. तारकर्लीचं ‘तारजीएसटी’ झालं, त्यापुढे पाय मोडलेला टिंबांचा गोळा आणि शेवटी ‘ली’.

“झिला, तारकर्ली खंय गेली रे?” मावशीने विचारलं. त्यावर त्याने तिला युनिकोड समजावलं.

दुरुस्ती अवघड नव्हती. आजूबाजूला अक्षर किंवा मात्रा नसेल तरच ‘कर’ पकड, असं युनिकोडच्या खुणांनी सांगता येतं, आणि ते त्याला येतंही. फक्त बदलण्याआधी काय काय सापडलंय ते वाचायला तो तयार नसतो.

तरी तुमची वेबसाइट त्याच्याकडेच द्या, पैसे घेत नाही. मूळ फायलींची प्रत तेवढी आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह त्याच्या हाती देऊ नका.