गुरनची वही

कॉमिक्समधले बाप दोनच प्रकारचे असतात. काही पहिल्या पानावर मरतात, उरलेले कधीच म्हातारे होत नाहीत. बॅटमनचा बाप गल्लीत गोळी लागून गेला. सुपरमॅनचा तर अख्ख्या ग्रहासकट गेला. स्पायडरमॅनला बापाच्या जागी काका होता, तोही १९६२ सालच्या पहिल्याच गोष्टीत आटोपला. उलट आपल्या चिंटूचे पप्पा बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ च्या नोव्हेंबरात चिंटूला 'सकाळ'मध्ये आणलं. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज स्वतः बाप होऊन गृहकर्जाचे हप्ते भरताहेत, आणि पप्पांना अजून निवृत्ती ठाऊक नाही.

माझे बाबा या दोन्हीत बसले नाहीत. रीतसर म्हातारे झाले, रीतसर आजारी पडले, आणि मला टक्कल पडून चष्म्याचा नंबर दोनदा बदलल्यावर गेले. अशा बापांची कॉमिक्समध्ये सोय नाही. नायकाचा बाप अवेळी जावा लागतो, म्हणजे पोराला सूड घ्यायला मोकळीक मिळते. पिकल्या पानाचा सूड कुणावर घेणार? मी दोनशे पानी वही घेतली आणि दुसऱ्याच्याच बापाबद्दल लिहायला लागलो.

दुसऱ्याचं पात्र उचलायचं, त्याच्या मूळ गोष्टीत राहून गेलेली फट शोधायची आणि तिथे आपलं घुसवायचं, या उद्योगाला जगभर फॅन फिक्शन म्हणतात. नाव नवं, उद्योग आपल्या घरचा. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन यांच्या बरोबरीने शोणाला, कर्णाच्या धाकट्या भावाला, बोलायला लावलं. व्यासांनी शोणाला किती ओळी दिल्या होत्या ते आठवून पाहा. खांडेकरांच्या 'ययाति'त ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. ज्या पुरूने बापाला आपलं तारुण्य काढून दिलं, त्याला मात्र निवेदनाचा एकही भाग नाही. कुणाला लिहायचं असेल तर जागा अजून रिकामी आहे. सांगायचा मुद्दा असा की महाभारतावर केलं की कादंबरी होते, पुरस्कार मिळतात. वेताळावर केलं की बायको विचारते, "गुरन म्हणजे तुमच्या ऑफिसातला का?"

गुरन ऑफिसातला नाही. वेताळाच्या गोष्टी वाचल्यात त्यांना तो अंधुक आठवत असेल. बांदार जमातीचा ठेंगणा म्होरक्या, डोक्यावर गवताच्या गंजीसारखं काहीतरी, चित्राच्या कोपऱ्यात उभा. ली फॉकने वेताळाला, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमला, १९३६ साली जन्माला घातलं, आपल्याकडे बेनेट कोलमन कंपनीच्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो १९६४ मध्ये आला आणि पुढे मराठीतही बोलू लागला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. माझ्या वाट्याला आले ते रद्दीच्या दुकानातले अंक, बाबांनी किलोवर मोजून आणलेले. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना शेवट नव्हता, काहींना सुरुवात. फटी शोधायची सवय तिथेच लागली असणार.

वेताळाची गोष्ट ही खरं तर बाप मरण्याचीच गोष्ट आहे, आणि ती एकवीसदा घडते. १५३६ साली चाच्यांनी बापाला मारलं. पोरगा वाचून किनाऱ्याला लागला, त्याने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की मी, माझा मुलगा, त्याचा मुलगा, सगळे अन्यायाशी लढत राहू. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जगाला वाटतं हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. युक्ती झकास आहे. पण सुतकाच्या घरात बसून वाचली की तिच्यातला क्रूरपणा दिसतो. बाप गेल्याचं कुणाला सांगायचंच नाही. भेटायला येणारी माणसं नाहीत, चूल पेटली नसेल म्हणून पिठलं-भाकरी घेऊन येणारी शेजारीण नाही, "कसं झालं, काय झालं" असं विचारून तीच हकीकत दहादा वदवून घेणारे नातेवाईक नाहीत. त्या दहादा सांगण्यानेच माणूस शुद्धीवर येतो, हे ली फॉकला कुणी सांगितलं नसावं. एका चौकटीत बाप गुहेतल्या समाधीत, पुढच्या चौकटीत पोरगा घोड्यावर.

मग मधल्या पांढऱ्या पट्टीत कोण होतं? गुरन होता. मूळ गोष्टीतच एक धागा आहे. एकविसावा वेताळ, म्हणजे आपण ओळखतो तो, पोरवयात अमेरिकेत शिकायला गेलेला असतो. बाप जखमी होऊन शेवटच्या घटका मोजतोय हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतो तो गुरनकडून. मी तेवढाच धागा पकडला. निरोप सांगायला निघालेला माणूस वाटेत काय विचार करत असेल? थेट सांगावं, की आधी "जरा बरं नाहीये" म्हणावं?

आमच्या खालापूर-कर्जत भागात प्रत्येक गावात असा एक माणूस असतो. मयत झाली की त्याला बोलवावं लागत नाही, तो आलेलाच असतो. तो दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्या मापात तोडतो आणि सुतळीची गाठ अशी मारतो की उचलताना तिरडी सरकू नये, पण तिथे पोचल्यावर विळ्याच्या एका ओढीत सुटावी. मडक्याला भोक केवढं पाडायचं त्याला ठाऊक असतं. पावसाळ्यात लाकडं कुणाच्या पडवीत कोरडी सापडतील तेही. जुलैत आमच्याकडे जो पाऊस कोसळतो, त्यात ही माहिती म्हणजे मोठीच विद्या. घरातल्या थोरल्या मुलाला तो हळूच विचारतो, "चहा घेतलास का?" बाबांच्या वेळी मला हा प्रश्न विचारणारा माणूस उभ्या आयुष्यात माझ्याशी चार वाक्यांहून जास्त बोललेला नाही. फोटोत तो कुठेच नाही, कारण फोटो काढायच्या वेळी तो बांबू शोधायला गेलेला असतो.

माझा गुरन लिहिता लिहिता त्याच्यासारखाच होत गेला. वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात खोपोलीचा पाऊस पडायला लागला, वेताळाची गुहा ढाकच्या बहिरीच्या कड्यासारखी अवघड जागी गेली. विसाव्या वेताळाचं दहावंही मी घातलं. आता तिथे पंचाईत अशी झाली की पिंडाला कावळा शिवेना. गुरन हात जोडून विनवतो, पोराकडे लक्ष देईन म्हणतो, राहिलेलं कर्ज फेडीन म्हणतो. कावळा फांदीवर ढिम्म. अखेर गुरनच्या लक्षात येतं की हा कावळाही या भागातलाच. त्यालाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय की वेताळ मरत नसतो. मग पिंड कुणाचा? गुरन इकडेतिकडे बघतो, कावळ्याच्या जवळ जातो आणि त्याच्या कानात खरं काय ते सांगतो. चारशे वर्षांत ते गुपित बाहेर फुटलेली ही पहिलीच वेळ. कावळा उतरतो.

हे लिहून झालं त्या रात्री मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा नीट रडलो. बाबांच्या नावाने एक ओळ लिहायला बसलो असतो तर ते झालं नसतं. पेन तिथेच वाळलं असतं. आपल्या दुःखाला दुसऱ्याचा मुखवटा चढवला की ते लाजत नाही. एवढीच या लेखनाची उपयुक्तता, आणि मला ती पुरेशी वाटते.

बाबा रेल्वेत होते, कर्जतला, बँकर इंजिनावर. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, प्रवासी उतरून बटाटेवडा खातात आणि तेवढ्या वेळात तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाटाचा ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. मागची इंजिनं लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात, तिथे सुटतात आणि रिकामी खाली येतात. गाडी पुण्याला, सोलापूरला, पार चेन्नईला जाते, बँकर कर्जतला. त्यामुळे दिवाडकरांचा वडा जगप्रसिद्ध झाला आणि मागच्या इंजिनात कोण बसलेलं असतं हे वडा खाणाऱ्याने कधी विचारलं नाही. बाबांनी आयुष्यभर गाड्यांच्या पाठी पाहिल्या. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "पुढचा काय, सिग्नल बघतो," ते म्हणायचे, "वजन आम्हाला कळतं."

कडेच्या माणसांच्या बाबतीत आमचा मुलूख श्रीमंत आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं. ती खिंड खालापूर तालुक्यातलीच. खानाबरोबर रायबागन होती, आणि शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिचा. चित्रकथेत काढायची झाली तर ती तिसऱ्या चौकटीत मागे दिसेल. किंवा सिद्धगड घ्या. टाटांच्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडणारे माथेरानचे भाई कोतवाल तिथे २ जानेवारी १९४३ ला पडले, आणि त्यांच्याबरोबर मानिवलीचे हिराजी पाटील. हिराजी गोमाजी पाटील. त्या दोन नावांपुढे दरवर्षी फुलं वाहिली जातात, ते योग्यच आहे. माझी नजर मात्र हल्ली मधल्या नावावर अडकते. आपल्या पद्धतीत प्रत्येकाच्या नावात मध्ये एक बाप बसलेला असतो. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, हुतात्म्याच्या स्तंभावर. आपण तो वाचतो आणि आडनावाकडे जातो. वेताळाला ही सोय नाही. एकविसाच्या एकवीस जण किट वॉकर. मधलं नावच नाही, तर बापाची आठवण ठेवणार कुठे? गुहेतच.

वही माझ्या मुलीच्या हाती लागली. ती आठवीत आहे आणि तिला माझं अक्षर वाचता येतं, हे मी गृहीत धरलं नव्हतं. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, ही हेलोइज काय करते?"

"ती वेताळाची मुलगी. किट आणि हेलोइज, जुळी."

"ते कळलं रे. करते काय?"

मला उत्तर सुचेना. १९७९ च्या सुमारास वेताळाला जुळी मुलं झाली तेव्हा वाचकांनी सुटकेचा श्वास सोडला, की चला, बाविसावा वेताळ आला. त्याच पाळण्यात दुसरं एक मूल होतं, तिकडे कोण बघतो! शपथ मुलाकडे जाते. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली भाऊ जखमी असताना त्याचा पोशाख घालून लढली होती, पण ती हंगामी नेमणूक. मी हे सगळं मुलीला समजावून सांगितलं. तिने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या डाव्या पानांवर, जी मी कोरी सोडतो, तिचं लिखाण सुरू झालेलं होतं.

तिची हेलोइज मारामारी करत नाही. गुहेत वीस वेताळांनी लिहून ठेवलेल्या बखरी आहेत, त्या ती एकेक करून वाचते. तिच्या ध्यानात येतं की सगळ्यांनी चाच्यांबद्दल लिहिलंय, आपली आई कशी होती हे एकानेही लिहिलेलं नाही. मग ती गुरनला विचारत बसते, आणि गुरनला सगळं आठवत असतं. सांगतो म्हणाला तर रात्र पुरत नाही. मी इतकी पानं लिहून माझ्या गुरनला बोलतं करू शकलो नव्हतो. मी त्याला नुसता राबवून घेत होतो. आता उजवी पानं मागे पडली आहेत आणि डावी पुढे गेली आहेत. मला सूचना करायची परवानगी आहे. त्या मानल्या जातातच असं नाही.

हा निव्वळ माझ्या घरचा चमत्कार नव्हे. 'टिंकल'मधला सुपंडी राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरला. अमर चित्र कथेतला 'कृष्ण'ही त्यांचाच. वाईरकर गेल्यावर सुपंडी काढायला लागल्या त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर. त्यांनी ना कुठल्या कवटीवर हात ठेवला, ना मुखवटा चढवला. अंकाची तारीख तोंडावर आली असेल, आणि त्या काढायला बसल्या असतील. सुपंडी तसाच बावळट राहिला, हसणाऱ्या पोरांना कळलंही नाही की मध्ये एक बाप गेला. बापाचं पात्र जिवंत ठेवायची ही पद्धत मला वेताळाच्या पद्धतीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

आता एक काम तुमच्याकडे. खोपोली, चौक, नेरळ, कर्जत, कुठेही, घराच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळून बघा. ज्यांत गुरन आहे ते बाजूला काढा, मी येऊन घेऊन जाईन आणि वाचून परत करीन. पानं फाटलेली असली तरी चालतील.