आकाशाचा सातबारा

अमेरिकेत मराठी माणूस कुठेही जाऊन राहो, दोन-तीन वर्षांत तिथल्या एखाद्या प्रेक्षणीय गोष्टीचा सातबारा तो स्वतःच्या नावावर करून घेतो. बफेलोवाल्यांचा नायगारा, फिनिक्सवाल्यांचं ग्रँड कॅन्यन. आयोवातल्या डिमॉइनवाल्यांची मात्र पंचाईत होते. समुद्र नाही, डोंगर नाही. आहे तो मका आणि विमा कंपन्यांच्या इमारती. विम्याची इमारत पाहुण्यांना दाखवून दाखवून किती वेळ दाखवणार? म्हणून तिथले काका पाहुण्यांना गाडीत घालून इंडियनोलाला नेतात.

इंडियनोला हे डिमॉइनच्या दक्षिणेचं, अर्ध्या तासावरचं लहानसं गाव. जुलै संपता संपता तिथे गरम हवेच्या बलूनचा महोत्सव, 'नॅशनल बलून क्लासिक', भरतो. 1970 पासून पुढे बरीच वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय बलून स्पर्धा याच गावात होत असे. बलूनचं एक संग्रहालयही गावात आहे. ही सगळी माहिती काका गाडी हायवेला लागायच्या आत देऊन टाकतात, कारण पुढचा रस्ता त्यांना बर्नरमधला प्रोपेन समजावून सांगण्यासाठी हवा असतो.

हे काका मूळचे सोलापूरचे असतील नाहीतर चिपळूणचे, नोकरी विमा कंपनीच्या आयटीत. डिकीत सहा घडीच्या खुर्च्या, थर्मास, चिवड्याचा डबा आणि जुलैच्या त्या घामट उकाड्यातही एक शाल. बलून साडेसहाला उडणार असतील तर काका साडेचारला मैदानावर. पार्किंगमध्ये गाडी तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी करतात. परतीच्या गर्दीचा विचार त्यांनी घरून निघायच्या आधीच केलेला असतो.

बलूनचा महोत्सव म्हणजे मुख्यतः वाट पाहणं, हे नवख्याला ठाऊक नसतं. दुपारी जमीन तापते, गरम हवेचे लोट उठतात, वारा अंगात आल्यासारखा करतो. म्हणून बलून एक तर सूर्योदयानंतर लगेच उडवतात, नाहीतर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. तेव्हाही वारा मंद हवा. तो तसा आहे की नाही हे बघायला पायलट हेलियमचा एक छोटा फुगा सोडतात आणि तो कुठे जातो ते बघत उभे राहतात. काकाही बघतात. मग गवताच्या चार काड्या उपटून हवेत सोडतात, अॅपकडे बघतात आणि निकाल देतात: "आज कठीण आहे." थोड्या वेळाने म्हणतात, "पण सातनंतर सांगता येत नाही." अशा रीतीने काहीही झालं तरी 'मी म्हणालोच होतो' म्हणायची सोय होते. माझ्या मते हे कौशल्य त्यांनी विमा व्यवसायातून उचललेलं आहे.

या रिकाम्या वेळात इतिहास होतो. 1783 साली फ्रान्समध्ये कागदाच्या गिरणीवाल्या माँगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला राजासमोर बलून सोडला, त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. तिघंही जिवंत खाली आले. माणसं त्याच वर्षी, पण नंतर गेली. आमच्या वेळी काका इथवर आले तेव्हा काकू चहा ओतत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मेंढीसुद्धा जाऊन आली हो. तुम्ही कधी जाताय?"

काकांकडे उत्तर तयार होतं. "आत बसलं की बलून दिसतो का? बलून बघायचा तर खालूनच बघावा लागतो." तर्क बिनतोड आहे, मलाही खोडता आला नाही.

मग त्यांनी एड योस्ट काढला. प्रोपेनच्या बर्नरवर चालणारा आजचा बलून या माणसाचा. 22 ऑक्टोबर 1960 रोजी योस्ट स्वतः तो उडवून हवेत गेला. "नेब्रास्कातून उडाला," काका म्हणाले, "पण जन्म आमच्या आयोवातला. ब्रिस्टोचा." नेब्रास्काने नुसती जागा दिली, एवढंच.

पण आमच्यात सांगलीहून आलेले एक व्याही होते. दोन तास निमूट ऐकून घेतलेला निवृत्त हेडमास्तर फार धोकादायक असतो. त्यांनी चिवडा संपवला, हात झटकले आणि विचारलं, "उंचीचा विक्रम कुणाचा आहे?" उत्तरही त्यांनीच दिलं: 2005 च्या नोव्हेंबरात विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून उडाले, एकवीस किलोमीटरच्या वर गेले आणि उतरले ते थेट नाशिक जिल्ह्यात. "म्हणजे आमच्याकडे," व्याही म्हणाले. काकांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. मराठी माणूस म्हणून छाती फुगत होती आणि आयोवाकर म्हणून हवा जात होती. शेवटी "त्यांना सीलबंद कॅप्सूल होती, ते वेगळं," एवढं बोलून ते पंख्यांचा आवाज सुरू झाला म्हणून उठले.

आता मात्र खरोखरच जान आली. जमिनीवर पसरलेल्या कापडात मोठमोठे पंखे हवा भरू लागले, बर्नर फुरफुरले आणि आडवे पडलेले ते रंगीत ढीग एकेक करत उठून उभे राहिले. काका प्रेक्षकांच्या दोरीशी जाऊन मराठीत सूचना देऊ लागले. बलूनला सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेचा असतो, हवा तो पकडायचा तर पायलटने वर तरी जायचं नाहीतर खाली तरी यायचं. स्पर्धेत याच जोरावर लांबून येऊन जमिनीवरच्या फुलीवर वाळूची पुरचुंडी टाकायची असते. "अरे खाली ये, खालचा घे! घालवलास!" काका ओरडत होते. बिचारा पायलट नेब्रास्काचा असावा.

या गडबडीत काकू कुठे आहेत याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्या जवळच्या एका बलूनच्या चमूत माणूस कमी होता. त्यांनी हाक मारली, काकू दोरीखालून वाकून गेल्या, हातमोजे चढवले आणि हवा भरेपर्यंत बलूनचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून उभ्या राहिल्या. मदत करणाऱ्याला जागा असली तर वर न्यायचं, अशी या मंडळींत जुनी रीत आहे. पायलटने विचारलं. त्या वेताच्या टोपलीला दार नसतं, भोकात पाय रोवून कठड्यावरून आत चढावं लागतं. काकूंनी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने आत गेल्या.

काका वळले तेव्हा बलून माणूसभर उंच गेला होता. बर्नरच्या आवाजात काकूंनी हात हलवला. खाली आमचे हेडमास्तर व्याही टाळ्या वाजवत होते.

"अगं!" काका धावत सुटले. "अगं, गाडीची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे!"