व्यवहारशून्यांची थोरवी

आमच्या जामखेडात एखाद्याला कायमचं मोडीत काढायचं असेल, तर "माणूस चांगलाय, पण व्यवहारशून्य आहे" एवढं म्हटलं की भागतं. मग त्याला कुणी मध्यस्थीला बोलवत नाही, सोयरिकीच्या बैठकीत पुढं बसवत नाही. त्याचा गुन्हा बहुतेक वेळा एकच असतो. आपल्याला काय हवंय आणि काय जमणार नाही, ते तो सगळ्यांदेखत बोलून दाखवतो. लोक याला येडेपणा म्हणतात. मला हा येडेपणा फार मोलाचा वाटतो.

शहाणपण कसं असतं ते बैलबाजारात बघावं. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि शेतकरी टॉवेलाखाली हातात हात घालतात. बोटं धरली जातात, सोडली जातात, मान हलते, पुन्हा बोटं धरली जातात. भोवती दहा माणसं उभी असतात आणि आकडा एकालाही कळत नाही. शेजारच्या दावणीचा तसलाच बैल कितीला गेला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हेड्याचं पोट विकणाऱ्याच्या या न कळण्यावरच चालतं.

हा टॉवेल बाजारातून घरी येतो. सोयरिकीच्या बैठकीत वरबाप म्हणतात, "आमचं काय मागणं नाही पाव्हणं. तुमच्या लेकीला तुम्ही काय द्यायचं ते द्या." हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे आणि या वाक्यात कुठंच हुंडा नाही. पण त्या रात्री मुलीच्या बापाला झोप लागत नाही. दोन तोळे म्हणजे कमी होतील का, गाडी द्यावी लागेल का, याचा हिशोब तो अंधारात करत पडतो. पुढं सून नांदायला गेली की न मागितलेलं कमी पडल्याचे टोमणे तिला ऐकावे लागतात. अशा बैठकीत एखादी मुलगी उठून म्हणाली, की मला नोकरी करायची आहे, पगार माझ्या खात्यावर राहील, आईबापाला मी पैसे पाठवणार, चालेल का? तर सगळी बैठक खाली बघेल. माझ्या मते त्या घरात तेवढ्याच बाईला व्यवहार कळतो.

धंद्यात तेच. साडू-साडू मिळून दुकान टाकतात. "आपल्या-आपल्यात कसला कागद?" पण 1932 चा भागीदारी कायदा सांगतो, की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा सारखा वाटायचा. एकानं तीन हिस्से भांडवल घातलं आणि दुसऱ्यानं एक, तरी निम्मं-निम्मं. हे कळतं ते वकिलाच्या ओट्यावर, आणि तोवर दोघी बहिणींचं बोलणं बंद झालेलं असतं.

पण याच जामखेडानं सगळं उघड बोलणारं एक व्यवहारशून्य जोडपंही पाहिलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. खेड्यातल्या गोरगरिबांसाठीच आयुष्य घालवायचं, अशी शपथ त्यांनी 1960 साली लग्नाच्या दिवशीच घेतली. मला त्यातलं त्यागापेक्षा स्पष्टपण मोठं वाटतं. दहा वर्षं संसार झाल्यावर "मला वाटलं होतं तू शहरात दवाखाना टाकशील" असं म्हणायला दोघांपैकी कुणालाच जागा उरली नाही. पुढं दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये दुष्काळी जामखेडात येऊन राहिले.

इथं येऊन त्यांनी काय केलं? लोकांना विचारलं. लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाला अन्न, औषधाचं नंतर बघू. डॉक्टरांनी ते मानलं. खेड्यात राहायला नर्स मिळेनात, तेव्हा गावोगावच्या बायका निवडल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन राहायच्या, एकत्र जेवायच्या, बाळंतपण आणि हगवणीवरचा उपाय शिकून गावी परतायच्या. डॉक्टरनं आपली विद्या अशी वाटून टाकायची म्हणजे धंद्याच्या हिशोबानं आपल्याच पायावर धोंडा. पण आपल्यावाचून गावाचं अडू नये हाच त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी झाकला नाही. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजारी 176 अर्भकं दगावत होती. शतक संपायच्या आत तो आकडा तिसाच्या खाली आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तरी टॉवेलाखालचा व्यवहार इथं संपलेला नाही. याच जामखेड तालुक्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. संसार आणि धंदा इथं एकाच शब्दात बांधलेले. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती नवऱ्याच्या हातात. किती घेतली, किती फिटली, गेल्या वर्षीची किती अंगावर राहिली, हे बायकोला बऱ्याचदा ठाऊक नसतं. पहाटेच्या अंधारात मोळी मात्र तिच्याच डोक्यावर असते. आजारपणानं खाडा पडला तर दंडही तिच्याच कष्टातून वळता होतो. तिनं आकडा विचारला तर म्हणायचं, बायकांना व्यवहारातलं काय कळतंय.

यंदा उचल वाटली जाईल तेव्हा एखाद्या नवऱ्यानं येडेपणा करावा. बायकोला शेजारी बसवून घ्यावं, आकडा तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावावा, कागदावर तिचंही नाव घालायला सांगावं आणि मुकादम हसला तर त्याला हसू द्यावं. तिला जायचं आहे की नाही, ते पैसे घेण्याआधी विचारावं. घेतल्यावर विचारण्यात अर्थ नाही.