वजाबाकी

भोपाळजवळ मंडीदीपला आमच्या गच्चीवर आठ फुटी जाळीची छत्री दोन उन्हाळे उताणी पडून होती. गावातल्या एका केबलवाल्याने मोडीत काढली तेव्हा मी ती भंगाराच्या भावात उचलली होती. बायकोने तिच्यात कुरडया वाळवल्या, आणि इतकं सोयीचं वाळवण तिला माहेरी अमरावतीलाही मिळालं नव्हतं. त्यामुळे मी छत्री उभी करायचं काढलं तेव्हा पहिला विरोध तांत्रिक नव्हता.

निमित्त आईचं. तिला सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या लागतात. भोपाळच्या हवेत इतकी वर्षं काढूनही, मराठीत सांगितल्याशिवाय बातमी घडली असं ती मानत नाही.

"अहो, हजार-दीड हजारात फ्री डिशचा डबा मिळतो. सह्याद्री येतं त्यावर," बायको म्हणाली.

खरं होतं. पण मी नुकताच कारखान्यातून निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला सोपा उपाय सुचवणं हा त्याचा अपमान असतो. शिवाय मला कळलं होतं की ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ आणि जीसॅट-१७ असे दोन उपग्रह एकाच बिऱ्हाडात राहतात. पहिला २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली, दोन्ही फ्रेंच गयानातल्या कुरूहून. पहिल्यावर केयू बँड, दुसऱ्यावर सी बँड. म्हणजे एका छत्रीत दोन्ही! एकावर एक फुकट दिसल्यावर अकाउंट्सचा माणूस मागे फिरत नाही.

दोन्ही बँड घेणारा, छत्रीपुढे बसून लहर झेलणारा एलएनबी मागवला, संगणकात टीव्हीचं कार्ड बसवलं. छत्री लावायला आलेला पोरगा अस्सल भोपाळी. त्याने आधी जाळी बोटाने चाचपली. केयूची लहर जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरची, सीची साडेसात-आठ. भोकं लहरीपेक्षा फारच बारीक असली तरच ती परतून एलएनबीकडे येते. "जाली तो बारीक है अंकल, चल जाएगी," तो म्हणाला. जिथून कुरडईचा कणही पडत नव्हता तिथून लहर काय पडणार, असं बायको मागून पुटपुटली. शास्त्रीयदृष्ट्या तिचं बरोबर होतं.

मंडीदीपहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सत्तावन्न अंश वर. छत्रीचं तोंड त्यामुळे साधारण भीमबेटकाकडे झालं. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी धावत्या रेल्वेतून तिथले खडक पाहिले आणि उतरून जाऊन हजारो वर्षांपूर्वीची चित्रं शोधली. मला त्याच दिशेला तोंड करून, सोबत सिग्नल मोजायचं यंत्र घेऊन, आठ दिवस एकही चित्र सापडलं नाही. संगणक प्रत्येक शोधानंतर शांतपणे सांगायचा: शून्य वाहिन्या. छत्री वाकडी असो, वायर सैल असो की आकडा चुकलेला असो, उत्तर शून्यच. कारखान्यातही असे एक साहेब होते.

"डिश तो सई लगी है," पोरगा म्हणाला. "आप सॉफ्टवेअर में कुछ गड़बड़ कर रिये हो."

सॉफ्टवेअरमध्ये तीन चौकोन होते आणि त्यांत आधीपासून आकडे: ९७५०, १०६००, ११७००. आकाशातून येणाऱ्या लहरीची वारंवारता इतकी जास्त असते की वायरीतून खाली येईपर्यंत तिचा जीव जातो. म्हणून एलएनबी तिच्यातून एक ठरलेला आकडा वजा करून तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झमध्ये आणतो. ११७००च्या खाली ९७५० वजा करायचे, वर असेल तर १०६००. फ्री डिशचं ११०९० घ्या: वजा ९७५०, राहिले १३४०. खातं जुळलं.

पण मी हेच आकडे सी बँडलाही लावून ठेवले होते. ४००० मधून ९७५० गेले तर काय उरणार? तुरुंग. मग वाचनात आलं की सीसाठी ५१५० लिहायचे. कागदावर करून पाहिलं: ४००० वजा ५१५०. उत्तर उणे ११५०. एकतीस वर्षं मी कुणाला उणे शिल्लक पुढे ओढू दिली नाही. ५१५० खोडले.

नवव्या दिवशी पोरगा कंटाळून म्हणाला, "अंकल, सी बँड में उल्टा घटाते हैं. एलएनबी का नंबर बड़ा है, उसमें से घटाओ."

मोठ्यातून लहान वजा करायचं! हे मला कळायला बासष्टावं वर्ष उजाडलं. ५१५० लिहिले. मग कळलं की बँड बदलणाऱ्या स्विचचे ए आणि बी हे पोर्टही मी उलटे लावलेत. ते सुलटे केले आणि दोन्ही बँड एकदम उतरले. आमच्याकडे बाहेरून येताना हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, दोन्हींना वजा करायचं वेगळं. तेवढं मात्र आजवर कुणी सेटिंग करून दिलेलं नाही.

आईने आठ दिवस एकच शब्द ऐकला होता. त्यामुळे तिच्या लेखी या यंत्राचं नावच ते झालं. संध्याकाळी पावणेसातला हाक येते: "अरे, वजाबाकी लाव."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एके दिवशी अकराच्या सुमारास चित्राचे चौकोन झाले आणि मग पडदा काळा.

"अरे, वजाबाकी गेली!"

मी सेटिंग उघडलं. ५१५० पुसून ९७५० केले, ९७५० पुसून १०६००, ए चा बी, बी चा ए. पाच-सात मिनिटांत मी नऊ दिवसांचं काम पुसून टाकलं. तेवढ्यात बायको वाळलेले कपडे घेऊन खाली आली.

"अहो, एक गंमत सांगू? एलएनबीची सावली आत्ता बरोब्बर छत्रीच्या मधोमध पडली होती. सूर्य अगदी त्या उपग्रहाच्या पाठीशी आला असणार, नाही? आता सरकली बघा."