रा. रा. नामबंधू उमेदवार यांस

रा. रा. नामबंधू उमेदवार, अपक्ष किंवा कुणी न ऐकलेला पक्ष, मुक्काम मतदानयंत्राचा खालचा अर्धा भाग, यांसी सदर मतदाराचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला. २८८ जणांवर गुलाल पडला, जेसीबीतून फुले उधळली गेली, वाहिन्यांवर दिवसभर आकडे नाचले. आपल्याकडे मात्र एकही कॅमेरा वळला नाही. राज्यात ४,१३६ उमेदवार उभे होते. त्यात कमीत कमी श्रमात जास्तीत जास्त परिणाम साधणारे आपणच, हे निकालपत्रकावर नुसती नजर टाकली तरी कळते. तेव्हा उशिरा का होईना, अभिनंदन.

आंबेगावचेच पाहावे. १९९० पासून तिथे दिलीप वळसे पाटील निवडून येतात. २०१९ मध्ये त्यांनी साठ हजारांहून अधिक मतांनी बाजी मारली होती. या वेळी समोर होते त्यांचेच एके काळचे सहकारी देवदत्त निकम, शरद पवारांच्या पक्षाकडून. अजित पवारांच्या पक्षाचे वळसे पाटील जिंकले, पण अवघ्या १,५२३ मतांनी. त्याच यादीत खाली आणखी एक देवदत्त निकम होते. मधले वडिलांचे नाव तेवढे वेगळे, आणि चिन्ह ट्रम्पेट. त्यांना मिळाली २,९६५ मते. खुल्या प्रवर्गाची अनामत दहा हजार रुपये धरली तर एक मत साडेतीन रुपयांच्या आतच पडले. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. एवढे ओतूनही जे साधत नाही, ते आपण एका जन्मदाखल्यावर साधता.

अर्थात, त्या गृहस्थांना उभे राहण्याचा पूर्ण हक्क होता. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये नामसाधर्म्याच्या उमेदवारांविरुद्धची याचिका ऐकून घेण्यास नकार देताना हेच विचारले, की आईवडिलांनी तेच नाव ठेवले असेल तर त्या माणसाने निवडणूक लढवूच नये काय? प्रश्न बिनतोड आहे. ही हौस बरोबर त्याच मतदारसंघात आणि बरोबर त्याच वर्षी का उफाळून येते, हे मात्र न्यायालयाने विचारले नाही. सदर मतदारही विचारणार नाही. कोणी कोणाला उभे केले, अनामत कोणाच्या खिशातून गेली, यासाठी निकालपत्रकात रकानाच नाही.

आपली परंपरा जुनी आहे, याचीही नोंद व्हावी. २०१४ च्या लोकसभेत रायगडला सुनील तटकरे अनंत गीतेंकडून २,११० मतांनी पडले. तिथे दुसऱ्या सुनील तटकऱ्यांनी ९,८४९ मते घेतली होती. दहा वर्षांनी आंबेगावचा निकाल लागला तेव्हा विजयी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते तेच पडलेले तटकरे. नामबंधूने घर बुडते ते कसे, हे ज्याने स्वतः भोगले, त्याच्याच पक्षाची जागा त्या दिवशी वर आली. महाराष्ट्राच्या राजकारणात असे हिशेब आपोआप जुळतात. कुणाला काही करावे लागत नाही म्हणे.

आपण सर्वशक्तिमान आहात असे मात्र समजू नये. त्याच २०१४ साली छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये भाजपच्या चंदूलाल साहूंसमोर दहा नामबंधू उभे होते. खरे साहू तरीही अजित जोगींना १,२१७ मतांनी हरवून दिल्लीला गेले. इकडे तासगाव-कवठेमहांकाळमध्येही यंत्रावर एकाहून अधिक रोहित पाटील होते, पण आर. आर. आबा पाटलांच्या मुलाला लोकांनी बरोबर हुडकून काढले.

म्हणूनच आपल्यातल्या धोरणी मंडळींनी नावाबरोबर चिन्हही जुळवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला. लोकसभेला यंत्रावर आणखी एक वाद्य होते, वाजवणाऱ्या माणसाशिवाय, आणि मराठीत त्याचेही नाव तुतारीच पडले. साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. माणूस नसलेल्या तुतारीला ३७,०६२ मते गेली. दिंडोरीत त्याच पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले खरे, पण तुतारी घेतलेल्या दुसऱ्या भगऱ्यांनी एक लाखाहून जास्त मते नेली. विधानसभेला नाव बदलून ‘ट्रम्पेट’ झाले. चित्र मात्र तेच राहिले. मग परांड्यात १,५०९, पारनेरला १,५२६ आणि घनसावंगीत २,३०९ मतांनी शरद पवार गटाचे उमेदवार पडले, आणि तिन्हीकडे ट्रम्पेटची मते त्या फरकाहून जास्त निघाली. घनसावंगीत पडले ते राजेश टोपे. करोनाच्या काळात रोज संध्याकाळी ज्यांचा चेहरा घराघरात दिसायचा, ते.

आता मतदान केंद्रात काय घडते ते आपल्याला ठाऊकच आहे. दारापाशी कार्यकर्त्याने कानात सांगितलेले असते, ‘आजी, तुतारी.’ आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातात. एका यंत्रावर सोळा निळी बटणे. वर मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष, सगळ्यात खाली नोटा. प्रत्येक ओळीत नाव, चिन्ह आणि २०१५ पासून फोटोही, तो हाच घोटाळा टाळण्यासाठी आलेला. पण २०२४ मध्ये तो फोटो काळापांढरा आणि जेमतेम टपाल तिकिटाएवढा होता; त्यात आपण आणि खरे उमेदवार, दोघेही मिशीवाले, दोघेही पांढऱ्या सदऱ्यात. आजींना तुतारी दिसते, बोट पडते, यंत्र लांब शिटी मारते. शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तोवर मागचा माणूस खाकरलेला असतो. निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये बिहारच्या निवडणुकीपासून फोटो रंगीत आणि चेहरा मोठा केला आहे. आपल्या धंद्यावर ही थोडी कुऱ्हाडच. रंगीत फोटोत मात्र मिशीचा रंग जुळवून घ्यावा लागेल.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने सांगितलीच पाहिजे. हरलेली मंडळी आता प्रत्येक पराभव आपल्या खात्यावर टाकू लागली आहेत. ट्रम्पेट दाबणारा प्रत्येक जण चुकूनच दाबतो, असे धरून चालणे हा मतदाराचाही अपमान आहे. आणि ट्रम्पेटने फरक गिळलेल्या साऱ्या जागा परत दिल्या तरी शरद पवार गटाचे दहाचे फार तर वीस झाले असते. समोर भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवार ४१. सरकार पाडायला आपण पुरे पडला नसता. त्याहून मोठी जादू तर उघड्यावर घडली: काँग्रेसला १२.४२ टक्के मते आणि १६ आमदार, शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के आणि ५७ आमदार. काँग्रेसने जागाही जास्त लढवल्या होत्या, हे खरे. पण ज्याला एक मत जास्त तो आमदार, बाकीची मते रद्दीत, अशी रीत असली की मते कुठे पडतात यालाच महत्त्व येते. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी तरले, मालेगाव मध्यमध्ये निकाल १६२ मतांवर लागला. तिथे आपण असता तर काय, या विचाराने दोन्हीकडच्या विजयी उमेदवारांना अजून दरदरून घाम फुटत असेल.

आपले काम तसे कष्टाचेही आहे. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, आपल्याला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. एवढी सह्यांची धावपळ करून, एकही सभा न घेता, दाराला पत्रक न लावता आपण उभे राहता आणि एकूण मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्याने अनामत गमावता. वर निकालाच्या दिवशी पडलेला उमेदवार ओळख दाखवत नाही आणि जिंकलेला तर त्याहून नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सदर मतदार

ता. क. : मुंबई सोडली तर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असतात. म्हणजे एका मतदाराला एकाच फेरीत चार मते द्यायची. चार जागा, चार याद्या आणि घाईत असलेला एकच मतदार. घरात भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणे यांची नावे काय आहेत ते एकदा पाहून ठेवावे.