बोक्याचं ऑपरेशन: कुटुंबातील पुरुषांसह पार पाडण्याची पद्धत

बोका सहा महिन्यांचा झाला, की त्याला कंठ फुटतो आणि पाठोपाठ सोसायटीच्या सेक्रेटरींनाही. पार्किंगमधल्या स्कूटरकडे पाठ करून, ताठ शेपूट थरथरवत त्याने सीटवर पिचकारी मारली, की मुहूर्त आला असं समजावं. पंचांग बघू नये.

पहिलं काम घरातल्या पुरुषांची समजूत काढण्याचं. बोक्याला विचारायचं नसतं; त्याचे वकील सोफ्यावरच बसलेले असतात. आजोबा पेपर खाली ठेवून "मुक्या जिवाचा तळतळाट लागेल" म्हणतील. काका काही बोलणार नाहीत, फक्त पाय जवळ घेऊन बसतील. त्यांना शांतपणे सांगावं, की मोकाट बोका हद्दीसाठी गच्चीवर मारामाऱ्या करतो आणि त्या चाव्यांतून एफआयव्हीसारखा विषाणू घेऊन येतो. एवढ्यानं चर्चा संपत नाही, पण चहा येतो.

दवाखाना जवळचा बघावा. मुलुंडमधले जुने लोक "परळला न्या" म्हणतात. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, त्याबद्दल आदर आहेच. पण रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, आणि तिथे टॅक्सी शोधताना टोपलीतला बोका जे बोलतो ते चारचौघांत ऐकवत नाही.

ऑपरेशनच्या आधी उपास. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तितके तास खाणं बंद. त्या रात्री घरात बोंबील तळू नयेत. शेजाऱ्यांनाही विनंती करून बघावी. उपयोग होत नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन काही मिनिटांचं. छोटासा छेद, बहुतेकदा टाकासुद्धा नाही. बाहेरच्या बाकावर काका घाम पुसत असतील, त्यांना पाणी द्यावं.

भूल उतरेपर्यंत बोका झिंगल्यासारखा चालतो, त्याला कपाटावर चढू देऊ नये. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर असते. ती दाराच्या चौकटीला ठेचकाळली, की तो चौकटीकडेच रागानं बघतो. खडे जखमेला चिकटतात, म्हणून काही दिवस ट्रेमध्ये फाडलेला पेपर घालावा. आजोबांचा वाचून झाला आहे ना, हे आधी विचारावं. संध्याकाळी बोका जेवणाच्या ताटलीपाशी हजर असतो. काका मात्र जेवायला नको म्हणतात.

एक शेवटची सूचना. ऑपरेशननंतरही काही आठवडे मागचा साठा शिल्लक असतो, बोका बाप होऊ शकतो. तेवढे दिवस खिडकीची जाळी बंद ठेवावी आणि कारण आजोबांना सांगू नये. ते उघडतील.