जाहिरात निघते आणि जांघ भरते

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जांघेचं दुखणं मैदानावर सुरू होतं, असं समजणारे भोळे आहेत. ते सुरू होतं पोलीस भरतीची जाहिरात निघते त्या दिवशी. तोवर पानठेल्यापर्यंत जाण्यापलीकडे ज्याच्या पायांना उद्योग नव्हता, तो पोट्टा दुसऱ्या पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर मारतो, संध्याकाळी १०० मीटर, आणि मधल्या वेळात गोळा फेकतो. मांडीच्या आतले स्नायू ओटीपोटाखालच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे रोज बारीक इजा होते आणि ती भरून यायच्या आत पुढची पहाट उजाडते. मग खाटेवरून उतरताना कळ, वळताना कळ, शेवटी खोकतानाही कळ.

यावर पारावरची हरकत ठरलेली: आमचे आजे मोहफुलं वेचत, तेंदूपत्ता तोडत रान तुडवायचे, त्यांची जांघ कधी बोलली नाही. खरंय. पण आजे लहानपणापासून रान तुडवत होते, आणि त्यांना ५ मिनिटं १० सेकंदांत धावून २० पैकी २० गुण घ्यायचे नव्हते! दुसरा सल्ला विश्रांतीचा. तिने कळ थांबते, पण स्नायू आणखी नरम पडतो आणि धावायला लागलं की पहिले पाढे पंचावन्न. डेन्मार्कच्या होल्मिच या डॉक्टरांनी १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात जुनाट जांघदुखीच्या खेळाडूंचे दोन गट केले होते. मालीश, ताण आणि यंत्रांच्या उपचारांवर राहिलेल्या ३० पैकी ४ जण दुखणं विसरून पूर्वीसारखे खेळू लागले. स्नायू बळकट करणाऱ्या २९ पैकी २३. त्यातला एक व्यायाम म्हणजे उताणं पडून दोन पायांत फुटबॉल ३० सेकंद दाबून धरणं. फुटबॉल आश्रमशाळेतही मिळतो. मात्र याला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि ‘भरती तर महिन्यावर आलीये’ या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही. जाहिरातीआधीच चेंडू दाबायला लागावं, एवढंच.

सगळीच जांघदुखी स्नायूची नसते, हेही खरं. या पट्ट्यात सिकलसेल आहे; त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला तर कळ जांघेतच उठते. हर्निया आणि हत्तीरोगाची सूजही तिथलीच. म्हणून रात्री ठणकलं किंवा गाठ लागली, तर डॉक्टरला दाखवावं. पण जागा पडली अवघड. पोट्टा घरी ‘गुडघा दुखतो’ म्हणून सांगतो, आई मन लावून तेल चोळते, आणि जांघ बोंबलत असताना त्याचा गुडघा मात्र जिल्ह्यातला सगळ्यात तुकतुकीत गुडघा होऊन बसतो.